नाल्याकाठचा गहू

प्रिय देरेजे,

फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि हवापाण्यावर येतोस, म्हणून कागद घेतलाय. डेन्व्हरला चुलतभावाच्या सोफ्यावर झोपतोस असं कळलं. मान धरत असेल. तुझी आठही खोकी आमच्या गराजमध्ये नीट आहेत. कॉफीची मातीची सुरई योनासने त्याच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवलीय. लेक लिद्या रोज मला नि तिच्या बाबाला विचारते, देरेजेमामा कधी येणार. मी काहीतरी सांगते.

इकडे कॅन्ससमध्ये गहू गुडघ्याएवढा झालाय. परवा मी नाल्याकाठी गेले होते. आठवतं, पहिल्या वर्षी आपण दोघं आदिस अबाबाहून आलेले, गटातले सगळे शेतात तांबेरा रोग शोधत होते आणि तू मात्र रस्त्याकडेच्या नाल्यात उतरलास? सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू तिथे होता. "गावाकडे आर्सीत माझी आई आधी हाच बघते. शेतात रोग दिसायच्या दहा दिवस आधी इथे दिसतो," म्हणालास. मी हसले होते. म्हटलं, आईला पीएचडी देऊन टाकू. मग तीन हंगाम मी पानं मोजली, आकडेमोड केली, आणि तुझी आई बरोबर निघाली. त्या एका गोष्टीवर आपल्या संशोधन गटाचं नाव झालं.

इथे कायम राहण्याचा, ग्रीन कार्डाचा माझा पहिला अर्ज फेटाळला गेला, तेव्हा तूच मला जेवायला बसवलं होतंस. अधिकाऱ्याने लिहिलं होतं, काम मोठं आहे पण यात या बाईंचं स्वतःचं काय ते कळत नाही. वकील तर कडाडलाच. "पानोपानी 'आमच्या गटाने' लिहून ठेवलंय. सरकार गटाला कार्ड देत नाही, बाई. लाजत बसलात तर थेट विमानातच बसाल." मग नवी शिफारसपत्रं. इथली रीत तुला ठाऊकच आहे. सही मोठ्या माणसाची, मजकूर आपला आपणच लिहायचा. स्वतःची स्तुती करताना पहिल्या पानाला माझा हात अडखळला, दुसऱ्या पानाला सरावला. प्रोफेसर हॉल्ब्रुकनी न वाचता सही केली. जानेवारीत मंजुरी आली.

त्या दिवशी तू आमच्याकडे सकाळपासून कांदा परतत होतास. एवढी माणसं होती, तरी आपल्याकडच्या रीतीने पहिला घास तू मला भरवलास. मग दुसरा, मग तिसरा. "खा गं, आता इथलीच झालीस," म्हणालास. सगळे हसले. मीही तोंडभर घास घेऊन हसले. तुझ्या बोटांना तिखटाचा वास होता, तो मला अजून येतो.

मागच्या आठवड्यात हॉल्ब्रुकच्या ऑफिसातल्या लोरेटाने सहज विचारलं, तुझ्या मित्राच्या पत्राचं पुढे काय झालं. मी म्हटलं, कसलं पत्र. तेव्हा कळलं. माझ्या मंजुरीच्या दोनच दिवस आधी तू तुझ्या शिफारसपत्राचा मसुदा घेऊन हॉल्ब्रुककडे गेला होतास. त्यांनी माझं पत्र काढून तुझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "देरेजे, ही कल्पना सेनाइतला सुचली असं मी एकदा सही करून बसलोय. तीच तुला सुचली असं कसं लिहू?" तू म्हणालास, बरोबर आहे सर. मसुदा घडी करून खिशात ठेवलास आणि दोन दिवसांनी आमच्याकडे कांदा परतायला आलास.

होय, ते वाक्य मी लिहिलं. नाल्यातला गहू बघावा ही कल्पना सर्वस्वी माझी, असं. तुझं नाव कुठे बसवावं ते सुचलं नाही असं स्वतःला सांगत होते, पण ते खरं नाही. तुझं नाव मी एकदा लिहिलं होतं आणि खोडलं. वाटलं, देरेजे हुशार आहे, त्याचं दुसरं काही ना काही निघेलच. फेब्रुवारीत तुझी नोकरी संपली, आता या देशात राहायला तुझ्या हातात एप्रिलअखेरपर्यंतचेच दिवस आहेत. तुझ्या भावाला बंदूकवाल्यांनी घरातून नेलं त्याला दोन वर्षं झाली, आणि त्याच घरी तुला परत जायचंय. नोकरी संपणार, मग तिथेच परतावं लागणार, हे तेव्हाच माहीत असून मी तिसरा घाससुद्धा गिळला. मला माझी लाज वाटते, देरेजे.

तू हे वाचशील तेव्हा एक पाकीट हॉल्ब्रुकना, एक तुझ्या वकिलाला आणि एक त्या सरकारी कार्यालयाला पोचलेलं असेल. कल्पना कोणाची होती, ते वाक्य कोणी लिहिलं, सगळं माझ्या सहीने आहे. हॉल्ब्रुक तुझ्या कागदावर सही करणार आहेत, मी विचारून घेतलंय. आमची मंजुरी मागे घेतली जाऊ शकते हेही विचारून घेतलंय. तुला आधी सांगितलं असतं तर तू "काही नाही गं" म्हणून ते कागद फाडायला लावले असतेस, आणि मी आनंदाने फाडले असते. म्हणून ती पाकिटं सकाळीच टाकली, आणि मग हे पत्र लिहायला बसले. योनासला अजून काही माहीत नाही. आज जेवताना पहिला घास त्याला भरवेन आणि मग सांगेन.

रागावलास तरी तुझीच,
सेनाइत