तुआनच्या ओसरीवरची ईद

पुलाउ सेरनाइ
२ मे १९८७

प्रिय अबांग अझमान यास,
धाकट्या बहिणीचे अनेक सलाम. वि. वि.

इथे सारे खुशाल, बापा सोडून. दोन वर्षांपूर्वी मते टाकून आपण बेटाच्या मालकाचे, तुआनचे, मजूर होतो ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालो. आता तुआन घर विकून कायमचे निघालेत. ही त्यांची इथली शेवटची ईद. कौन्सिलने ठरवलेय की यंदा दर ईदेसारखे त्यांच्या ओसरीवर माफी मागायला कोणी जायचे नाही, स्वतंत्र माणसे असे करत नाहीत. ठराव माझ्या नवऱ्यानेच मांडला. बापा म्हणतात, मी जाणार, आणि हामझाला म्हणावे, ठरावाची घडी करून टोपीत घाल, ऊन लागणार नाही. दोघे एका ताटाला बसत नाहीत. तू शिकलेला, तुझे ऐकतील.

उलट टपाली लिही. लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.

तुझी,
नोरलेला

पर्थ
१४ मे १९८७

प्रिय नोरलेलास,
अनेक दुवा.

हे तिसरे पत्र; आधीची दोन फाडली. पहिल्यात मी मास्तर वाटलो, दुसऱ्यात हामझा. बापांना जाऊ देऊ नकोस. बेट सोडेल त्याला परत घ्यायचे नाही, हा तुआनचाच नियम. मी सतराव्या वर्षी शिकायला निघालो आणि आपली आई, माक, गेली तेव्हा तिच्या जनाज्याची नमाज इथे एकट्याने पढलो. त्या माणसापुढे बापांनी का वाकावे? तरी एक खुपते. मुक्त झाल्यावर पहिली बंदी आपणच आपल्या म्हाताऱ्यांवर घालावी, हे कितपत बरे? तूर्त त्यांना अडव.

हामझाला सलाम, आणि थोडी दयाही. सर्वांवर माया असू द्यावी.

तुझा,
अझमान

पुलाउ सेरनाइ
३० मे १९८७

प्रिय अबांग,
अनेक सलाम. वि. वि.

अडवले नाही. काल नमाज होताच बापा निघाले, मी मागोमाग. ओसरीवर पाहते तो निम्मे बेट हजर. कौन्सिलचे अध्यक्ष म्हणाले, कोण कोण येते ते बघायला आलोय. हामझा त्यांना मदत करत होते.

बापांनी हात धरून माफी मागितली. तुआन दरवर्षीसारखे बरे बरे म्हणाले, पण बापांनी हात सोडला नाही. म्हणाले, ईदला माफी दोघांनी मागायची असते. तुमची अर्धी इतकी वर्षे राहिलीय. तुआनने विचारले, कशाची? बापा म्हणाले, माझ्या मुलाला आईच्या मातीला येऊ दिले नाहीत, त्याची. तुआन म्हणाले, नियम आजोबांचा होता. बापा म्हणाले, असेल, पण ते आता भेटायचे नाहीत, तुम्ही भेटलात.

तुआनने मागितली, रे. इतक्या हळू, की मागचे लोक काय म्हणाले, काय म्हणाले विचारत राहिले.

घरी येऊन बापा हामझांच्या शेजारी बसून पोटभर जेवले. हात धुताना म्हणाले, अझमानला लिही, तुआनचा हिशेब मिटला. नियम जाऊन दोन वर्षे झाली, विमान पंधरवड्याला येते. आता त्याला कोण अडवतेय, तेवढे विचार.

मी विचारले आहे. लोभ असेल तर उत्तर पत्राने देऊ नकोस.

तुझी,
नोरलेला