रविवारचे चार आकडे

आई,

आज रविवार आहे आणि मी घरात आहे. सकाळी बाजारातून बांगडे आणले, तिरफळं घालून तिखलं केलं आणि वेळेवर जेवूनही मोकळी झाले. तुमचा मुलगा पानावरून उठला तो थेट आडवा झाला, आता घोरतोय. मला मात्र काय करावं सुचेना. रविवारी दुपारी घरात नुसतं बसायची सवयच राहिली नाही हो. आम्ही डिलिव्हरीवाले सगळे मिळून साहेबाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलो, बरीच तोंडातोंडी झाली, तेव्हा कुठे महिन्यातला एक रविवार आळीपाळीने सुट्टीचा मिळायला लागलाय. आज पहिल्यांदा माझी पाळी आली. दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि हातात ते पिवळे चिमटे आले. मग म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

मी हे काम धरलं तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. यांची कंपनी बंद पडली होती, घरात स्कूटी होती, आणि माझ्या पगारावर घर चालणार हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. सासू म्हणून चार शब्द सुनावाल अशी माझी तयारी होती, तर तुम्ही नुसतं "हेल्मेट घाल" म्हणालात. तुमचा राग होता तो रविवारवर. "आयतवारीसुदा पार्सलां? लोकांका दुसरो उद्योग नाय?" असं दर रविवारी सकाळी मला ऐकवून तुम्ही मासे साफ करायला बसायचात. खरं होतं तुमचं. लोक रविवारी घरी असतात, म्हणून सगळं त्याच दिवशी मागवतात. त्यात शनिवारी दार बंद मिळालेली पार्सलंही आमच्याच पिशवीत. पाठीवर ती पिशवी, हातात फोन, त्यात न संपणारी यादी. शिंपोलीतल्या जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नाही आणि नव्या टॉवरमधला वॉचमन लिफ्टने जाऊ देत नाही. जेवायला थांबलं की यादी मागे पडते. पाणी प्यावं तर संडास शोधत फिरायचं कुठे, म्हणून पाणीही बेतानेच. मी बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढायची आणि घरी येऊन "जेवले हो बाहेर" म्हणून थाप मारायची. झाकून ठेवलेलं माझं ताट रात्री गार व्हायचं, आणि साखरेचा आजार असून तुम्हीही माझ्यासाठी थांबलेल्या असायचात.

मग एका रविवारी एका जिन्यात मला चक्कर आली. कठडा हाताला लागला म्हणून थोडक्यात निभावलं, फक्त गुडघा सोलवटला. घरी "गाडी घसरली" म्हणाले. तुम्ही हळद लावलीत, माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि म्हणालात, "गाडी घसरली तर ड्रेस फाटलो असतो. चक्कर इली ना गो? उद्या जिन्यात कोण धरतला तुका?" मी वैतागून म्हटलं, आई, काम सोडू का मग? तुम्ही हळदीची वाटी उचलून आत गेलात. तुम्ही गप्प बसलात की काहीतरी शिजतंय, हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

पुढच्याच रविवारी यादी वर सरकवत होते, तर मध्येच आपलाच पत्ता. आपलीच बिल्डिंग, आपलंच दार, नाव तुमचं! मी जिना चढून येतेय तर दार उघडं, पाट मांडलेला, ताट वाढलेलं. पार्सल पुढे केलं, म्हटलं, आई, हे काय नवीन? नंबर सांगा पटकन. गिऱ्हाइकाने चार आकडे सांगितल्याशिवाय आमचं पार्सल पोचलं असं धरत नाहीत, हे तुम्ही शेजारच्या वहिनीकडून नीट समजून घेतलं होतं. तिच्याच फोनवरून तुम्ही कपड्यांचे चिमटे मागवले होते, आणि तिने तो नंबर पेनने तुमच्या तळहातावर लिहून दिला होता. तुम्ही मूठ घट्ट मिटलीत आणि दुसऱ्या हाताने भात वाढलात.

"नंबर देतंय. आधी जेव."

मी हातापाया पडले, चिडले, घड्याळ दाखवलं. तुम्ही ढिम्म. पहिले दोन आकडे भात संपल्यावर, उरलेले दोन सोलकढी प्यायल्यावर. तेवढ्यात साहेबाचा फोन, गाडी एकाच जागी का थांबलीय म्हणून. माझ्या तोंडात घास. तुम्ही लांबून ओरडलात, "सांग तेका, गिऱ्हाईक नंबर देणा नाय!" मी तेच सांगितलं. साहेब म्हणाला, म्हातारी माणसं अशीच असतात, जरा समजावून सांगा.

मग ते दर रविवारचंच झालं. चिमटे, सुया, घासण्या, गाळणी, काय काय त्या घरात जमलं! यांनी एकदा म्हटलं, नको ती वस्तू परत पाठव ना आई. त्यावर तुम्ही म्हणालात, "परत न्हेवक तिकाच येवक लागतला. तितकोच आणखी एक जिनो." श्रावणात मासे नव्हते तर काळ्या वाटाण्याचं सांबारं, पण मूठ तशीच मिटलेली. मला पुन्हा कधी जिन्यात चक्कर आली नाही. अजूनही मी रविवारी बिस्किटांवर राहत नाही. डबा नेते, कुठल्यातरी जिन्यात बसून खाते, आणि साहेबाचा फोन वाजला तर वाजू देते.

तुमचे दिवस झाल्यावर मी कामावर गेले. पहिल्या रविवारी यादीत आपलं घर नव्हतं. मी ती खालपासून वरपर्यंत पुन्हा पुन्हा सरकवून बघितली. त्या दिवशी मी स्कूटी बाजूला लावून भर रस्त्यात रडले, लोक बघत होते तरी. माझी आई मी लहान असताना गेली, आणि दार उघडं ठेवून माझी वाट बघणारं माणूस मला लग्नानंतर मिळालं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं, मलाच माहीत नाही. सगळ्यांचं सगळं पोचवणारी मी! चिमट्यांच्या डब्यात ठेवते. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या पहिल्या रविवारनंतर शेजारच्या वहिनीला माझीही दया यायला लागली. तुमच्या तळहातावर लिहून झालं की ती गुपचूप तोच नंबर मला फोनवर पाठवायची, "घाई असेल तर जेवत बसू नका" म्हणून. आई, मी जिना चढायच्या आधीच ते चार आकडे माझ्याकडे असायचे. दर रविवारी.