टिल्लीच्या आईची शिकवणी

४ जानेवारी, शनिवार

आली! टिल्लीची आई. आता दर शनिवारी येणार. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याकडूनच लेकीला जेवू घालायला शिकणार — बालकल्याण समितीच्या ऑफिसरबाईंचा हुकूम. शिकली की टिल्ली तिच्या घरी. आठ महिने सांभाळलं मी. तात्पुरतं आहे, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे. सांगितलं होतं.

बाई वाईट असती तर बरं झालं असतं. पोरसवदाच आहे. रात्रपाळीला जाताना एवढ्याशा मुलीपुढे बिस्किटांचा पुडा ठेवायची आणि बाहेरून कडी लावायची. सांभाळायला कोणी नव्हतं. माझ्याकडे आली तेव्हा टिल्लीची नुसती हाडं होती.

आज वाटाणे सोलले. टिल्लीचे चार दाणे भांड्यात, एक तोंडात. "ताई, कच्चे खातेय ही!" म्हटलं, खाऊ दे. पोटातच जातायत ना?

११ जानेवारी, शनिवार

गाजराचं सूप. "खा ना, खा ना गं" करत नुसती मागे लागते. टिल्लीने ओठ घट्ट मिटून घेतले. आईला बाजूला घेऊन सांगितलं — खा म्हणायचंच नाही. आपली वाटी घेऊन शेजारी बसायचं, आपण जेवायचं, तिच्या वाटीकडे बघायचंसुद्धा नाही. बिचारी भिंतीकडे बघत जेवली! टिल्लीने वाटी चाटून पुसून साफ केली.

हे म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस." मग काय करू, चुकीचं शिकवू? पोर उपाशी राहील. भांडी घासताना रडले.

१८ जानेवारी

आली नाही. कामावर थांबवून घेतलं म्हणे. मला आनंद झाला. लाज वाटली, पण झाला.

२५ जानेवारी, शनिवार

ऑफिसरबाई बघायला आल्या. खुर्ची ओढून बसल्या. टिल्ली स्टुलावर उभी राहून उकडलेले बटाटे कुस्करत होती, आई कोथिंबीर निवडत होती. दोघींच्या गप्पा रंगलेल्या. तेवढ्यात भात खाली लागायला लागला. मला वास आला. मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, बघू देत बाईंना, हिला काय जमतंय ते.

टिल्लीनेच नाक वर केलं. "आई! भात लागला! गॅस बंद कर!"

आई. मला मावशी म्हणते. मीच शिकवलं होतं तसं.

ती धावली, झाकण हातातून सुटून घरभर गोल फिरलं, आणि दोघी खो-खो हसत सुटल्या. थांबेचनात. मग वरवरचा भात काढून बटाट्याबरोबर खाल्ला. टिल्लीने दोनदा मागून घेतला. असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

जाताना ऑफिसरबाई म्हणाल्या, "दिवसपाळी मिळालीय तिला. तुमचं काय मत? तुम्ही म्हणाल तसं करू." नाही म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. म्हटलं, "तयार आहे ती."

१ फेब्रुवारी

नेली. स्टूल दिलं बरोबर. ओट्याशी हात पुरायला हवेत ना. टिल्लीने दारातून हात हलवला, ह्यांच्याबरोबर दूध आणायला जाताना हलवायची तसाच. तिला वाटलं असणार, संध्याकाळी परत यायचंय.

२ फेब्रुवारी

स्वयंपाक केला नाही. ह्यांनी पाव आणला.

९ मार्च, रविवार

भाजीबाजारात दिसली! गाल भरलेत. टोमॅटो दाबून बघत होती, आईला "हा नको, हा घे" चाललं होतं. मला राहवलं नाही. "टिल्ली!" अशी हाक मारली की चार माणसं वळली.

धावत येईल वाटलं. आईच्या मागे दडली. तिचा कुर्ता दोन्ही मुठींत धरला.

"मावशी, मला नको ना नेऊ."

म्हटलं, नाही गं नेत.