हाताची घडी, तोंडावर बोट

सोमवार, ६ जानेवारी
पोरं काय बोलतात ते रोज लिहा म्हणे! खिचडी शिजवायले म्हणून मी आज पहिल्यांदा आली, तर शिकवणारी बाई बाळंतपणाले गेलेली. बालवाडी चालवणाऱ्या सिंधूताईनं मलेच, आठवी पास बाईले, बालवाडीत उभं केलं अन् वरून हे रजिस्टर हातात दिलं. त्या ट्रेनिंगमध्ये शिकून आल्या, लहान मुलांचं ऐकायचं असते. मी म्हटलं, ताई, वीस पोरं एकाच टायमाले बोलतात, ऐकू कोणाकोणाचं? तर हसल्या. म्हणे, रुखमाबाई, कान तर दोन आहेत ना तुमचे!

जागा मात्र झकास. इतवारीत, धान्याच्या दुकानांमागं. आधी गोदाम होतं म्हणे. समोरच्या खोलीत सकाळचं ऊन येते. मागं एक लहान खोली, तिच्यात तांदळाचे पोते अन् जुन्या सतरंज्या. पोरं गोड आहेत. भावजय चिडवून राहिली, आता तुम्ही तं मास्तरीणबाई झाल्या.

पोरं काय बोलली: मेघा, चार वर्षांची, दिपालीची पोरगी. तिचं तोंड बंदच होत नाही. म्हणे, बाई, मागच्या खोलीत एक पोरगी बसली आहे, तिले तोंडावरचं बोट काढायले सांगा ना.
लिहिलं. झालं?

मंगळवार, ७ जानेवारी
जादू सापडली. हाताची घडी, तोंडावर बोट, एवढं म्हटलं की वीसही पोरं चूप. लहानपणी आमच्या मास्तरांनी आम्हाले असंच बसवलं होतं, आम्ही काही मेलो नाही.

मेघाचं आजही तेच. त्या पोरीच्या एकाच पायात चप्पल आहे म्हणे. तिच्या बाजूले बसणारा धम्मदीपही मान हलवते, त्यानंही पाहिली. मी पोते सरकवून पाहिले. उंदराच्या लेंड्या. दोघांनाही दटावलं.

गुरुवार, ९ जानेवारी
हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सिंधूताईचा फोन आला होता अन् मेघा पदर ओढून राहिली. बाई ऐका ना, बाई ऐका ना. माझं डोकं फिरलं. दंड धरला, मागच्या खोलीत बसवली. म्हटलं, हाताची घडी, तोंडावर बोट, मी सांगेस्तोवर काढायचं नाही. कडी लावली. तेवढ्यात खिचडी खाली लागली. मग पोरं घरी पाठवली, कुलूप लावलं, घरी आली.

वांगं चिरता चिरता आठवलं.

धावत गेली. दिपाली दाराशी उभी होती, धान्य निवडायच्या कामावरून आलेली, अंगावर भुसा. मी म्हटलं, पोरीचा डोळा लागला होता, म्हणून उठवली नाही. हे खोटं मी तिच्या तोंडावर बोलली. तिनं उलटे माझे आभार मानले.

मेघा पोत्यांमध्ये बसली होती. डोळे उघडे. तोंडावर बोट. तिच्या बाजूची सतरंजी दबलेली होती, कोणी बसलं की दबते तशी.

शुक्रवार, १० जानेवारी
मेघानं बोट काढलं नाही. झोपेतही नाही. बोटाच्या बाजूनं चमच्यानं पाणी पाजावं लागते, जेवण तर नाहीच. दिपाली म्हणे, बाई, तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगा. मी सांगितलं. दहादा सांगितलं. शेवटी हात धरून ओढला. चार वर्षांचा हात, माझ्यानं हलला नाही.

वर्गात काही झालं काय वं रुखमाबाई, असं दिपालीनं विचारलं.
मी म्हटलं, काहीच नाही.

शनिवार, ११ जानेवारी
धम्मदीपजवळ खाली बसली. पहिल्यांदाच. म्हटलं, सांग, मी ऐकते. तो म्हणे, आधी तिचा नंबर आहे, ती पहिलेपासून बसली. तिचं बोट खाली झालं की मग मेघाचं. अन् जिनं बसवलं तिनंच सांगायचं.

मी मागच्या खोलीत जाऊन म्हटलं, बोट खाली कर बेटा.
सतरंजी तशीच. दबलेली.

सोमवार, १३ जानेवारी
समोरच्या पानठेल्यावरच्या नानाजींनी सांगितलं. वीस वर्षांमागं इथं बायजाबाई शिकवत होत्या. दिवाळीच्या सुट्टीआधी एक पोरगी हरवली. बायजाबाई म्हणाल्या, मी तिले घरी पाठवलं. लोकांनी नाले शोधले, विहिरी शोधल्या. सुट्टी संपली, बालवाडी उघडली अन् मागच्या खोलीत, पोत्यांमध्ये ती—
नानाजी पान लावत राहिले.

बायजाबाई म्हणाल्या, घरी पाठवली. मी म्हटलं, पोरगी झोपली होती.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत
नानाजींनी पत्ता दिला, ऑटोनं कामठीले बायजाबाईच्या घरी गेली. त्या खाटेवर बसून. तोंडावर बोट.

सून म्हणे, लय वर्षांपासून असंच, सगळे दवाखाने झाले. मी तिळगूळ पुढं केला. गोड बोला म्हणता आलं नाही. सारं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मले पाहत राहिल्या, सख्खी बहीण भेटल्यावाणी.
त्या पाहण्याचीच जास्त लाज वाटली.

बुधवार, १५ जानेवारी
आज सात पोरांच्या तोंडावर बोट. मी सांगितलं नव्हतं— धम्मदीपही. आता मले सांगणारं कोणी—

मेघाले दवाखान्यात सलाईन लावली. दिपाली माझ्यासमोर हात जोडते. माझ्यासमोर.

गुरुवार, १६ जानेवारी
दवाखान्यात गेली. दिपालीले खरं सांगायले. तोंड उघडलं अन् उजवा हात आपोआप वर— डाव्या हातानं धरून खाली ओढला. तशीच परत आली. सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणतात, पोरगी शनिवारच्या पुढं काढणार नाही.

बायजाबाई, हे पान फाडून तुमच्या सुनेजवळ पाठवून राहिली. तुम्ही खोटं बोलल्या, मीही बोलली. आता पुरे. मागच्या खोलीचं दार मी उघडं ठेवलं आहे. या. तोंड उघडत नसेल तर डाव्या हातानं त्या पोरीचं बोट धरून खाली करा. तुम्हीच बसवलं तिले. मग मी मेघाचं— येता की नाही, डाव्या हातानंच लिहून द्या. शनिवारच्या आत मले उत्तर पाहिजे. लवकर द्या, मी उजव्या हातानं लिहून राहिली अन् तोच हात