जजसाहेब हरिदासच्या घरी पाणी पेले

१२ फेब्रुवारी
दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाची केस. मी केली, चुलतभाऊ हरिदासवर. आज जजसाहेब स्वतः झाड पाहाले आले. कांताले आधीच बजावलं होतं, साहेबाले पाणी विचारू नको, लाच दिली म्हणतील. आन झालं काय? साहेब हरिदासच्या घरी पाणी पेले! वरून म्हणाले, थंडगार हाये. गेली केस.

१३ फेब्रुवारी
कांता म्हणते, तहान लागली असन जी त्याइले. बायकोले कायदा समजत नाई. मी एसटीत कंडक्टर होतो. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखतो. साहेबाचा चेहरा तसाच हाये.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
मार्कंड्याच्या जत्रेत पुरावा भेटला! दर्शनाच्या लाइनीत साहेब, त्याच लाइनीत हरिदास. मधात दोनअडीचशे माणसं होती, पण ते नुसते लोकाइले दाखवाले. फोटो काढला. माझा अंगठाच आला.

३ मार्च
वकील नीलिमाबाईले म्हटलं, जज बदलाचा अर्ज टाका. त्या म्हणाल्या, पाणी पेल्यावर अर्ज होत नाई भाऊ. तुम्ही वीस तारखेले साक्ष द्याले या, केस आपली मजबूत हाये. मजबूत हाये तं हासल्या काऊन? ह्याही मॅनेज. त्यांचा फोन उचलणं बंद.

११ मार्च
प्लॅन पक्का. खरा सौदा कोर्टात होत नाई, बंगल्यावर होते. वीस तारखेले रंगेहाथ पकडतो. कांता रडली. म्हणे, मोहाची फुलं पडून सडून राह्यली, निकालापावतर हात लावाची कोर्टाची मनाई, आधी साक्ष देऊन या ना जी. म्हटलं, धीर धर, मी कच्चा माणूस नाई.

२० मार्च, दुपार
सकाळपासून साहेबाच्या बंगल्यामागं बेशरमाच्या झुडपात दबा धरून बसलो. मोबाइल रेडी. हरिदास फिरकला नाई. भेला लेकाचा! नीलिमाबाईचे फोनवर फोन. कट केले, व्हिडिओची बॅटरी जाते. एक कुत्रं भुकून गेलं. तेही साहेबाचंच असन.

२० मार्च, संध्याकाळ
नीलिमाबाई घरी आल्या. माझ्या नावाचा तीनदा पुकारा झाला म्हणे. साहेबानं लंचनंतरही वाट पायली. हरिदास उभा राहून म्हणाला, झाड दोघांचं, अर्धा मोह वामनदादाचा, मले मंजूर हाये, फक्त दादाले सही कराले बोलवा. दादा झुडपात. केस खारीज. कांतानं मोहाची टोपली झाडून ठेवली.

२२ मार्च
वरच्या कोर्टात जातो म्हणून तावातावानं निघालो. धुऱ्यावर कांता आन हरिदासची बायको संगंच मोह वेचून राह्यल्या होत्या, खिदळून राह्यल्या होत्या. केससंगं मनाईही गेली, कोणाचं भांडण नाई. हरिदासनं हाक मारली, ये ना दादा, टोपली घे. लय लाज वाटली. आता कोणावर संशय घ्यावा, तेच समजून नाई राह्यलं.