जुन्या शर्टांच्या कॉलरी

वहिनी,

ड्यूटीला लवकर निघतेय. समोर बोलायला थांबले असते, तर तिरकंच बोलले असते.

काल धाकट्याने तू आणलेल्या नव्या शर्टाची कॉलर तोंडात घातली आणि तू लगेच मिक्सर बंद केलास. तो शांत झाला. वर तुझ्याकडे बघून हसला! एरवी मिक्सर लागला की तो भिंतीवर डोकं आपटतो. तुला या घरात येऊन चार महिने झालेत, मी माझ्या या भावाला बावीस वर्षं सांभाळतेय. कालपासून नुसता जळफळाट चाललाय माझा.

बोलता येत नाही म्हणून कॉलर चावून तो 'आता सहन होत नाही' असं सांगतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मला ती घाणेरडी खोड वाटायची. नखं खाणाऱ्या मुलांना लावतात ते कडू औषध मी त्याच्या सगळ्या कॉलरींना लावलं. चावणं थांबलं. मग 'हा काही कारण नसताना डोकं आपटतो' असं मीच डॉक्टरांना सांगत राहिले.

कपाटातले जुने शर्ट त्याला घालू नकोस. तीनदा धुतलेत. आज सकाळी निळ्या शर्टाची कॉलर मी स्वतः चावून बघितली. अजून कडू लागते.

ताई