रिळावरच्या तीन गाठी

आबा, आज सकाळी माझ्या हातातून कपबशी निसटली. सून चांगली आहे, रागावली नाही. "आई, राहू द्या, तुमच्यानं आता व्हायचं नाही," एवढंच म्हणाली, आणि मला एकदम तुमचा हात आठवला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ज्यांना हे सांगायला हवं होतं ते तुम्ही गेलात, आई गेली, रत्नागिरीचे तुमचे पलटणीतले मित्रही गेले. आता मी कुणापुढं तोंड उघडू?

अख्ख्या तासगावात समुद्राचं वेड घेतलेला माणूस तुम्ही एकटेच. लढाईत उजव्या हाताची दोन बोटं अधू करून घरी आलात आणि दर वर्षी त्या रत्नागिरीच्या मित्राच्या बोटीवर चार-पाच दिवस गळ टाकायला जाऊ लागलात. निघण्याआधी ओसरीवर पसारा पडायचा. पलटणीतल्या साहेबानं दिलेलं मोठं पितळी रीळ, येरळा नदीतल्या मासेमारीचं लहान रीळ, नायलॉनच्या दोऱ्याची भेंडोळी. "जाड दोरा ताकदीचा, पर रिळावर कमी बसतो. बारीक भरपूर बसतो, पर मोठा मासा पळाला की तटकन जातो," असं समजावून सांगायचात, जसं काही मीच बोटीवर चालले होते. पोरीच्या जातीला हे कशाला, म्हणून आई कुरकुरायची. मला मात्र आभाळ ठेंगणं व्हायचं. एका वर्षी तुम्ही परत आल्यावर रीळ गोड्या पाण्यानं धुवायचं मी विसरले आणि मिठानं ते जाम झालं. "चार दिस पाण्यात असतो आमी. तितं बिघडलं तर काय तासगावच्या बाजारात येऊ व्हय गं?" तुमचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला.

म्हणून पुढच्या खेपेनंतर मी अतिशहाणपणा केला. सगळा दोरा धुतला आणि छाटलेल्या द्राक्षबागेच्या तारांवर ताणून ठेवला, उन्हात, अख्खा उन्हाळा. बेदाणा सावलीत वाळवायचा हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोऱ्यालाही ऊन खातं हे मला का सुचू नये? पावसाच्या तोंडावर गुंडाळायला घेतला तर वाळल्या गवतासारखा तुटला. एकदा नाही, तीनदा. मी तीनदा गाठ मारली आणि वरून गुंडाळत गेले.

दिवाळी झाल्यावर तुम्ही विचारलंत, "सांगलीसनं नवा आणू का जुना चालंल?" वरचे दहा हात ओढून बघितलेत, ते नेमके तारांवर न मावता ओसरीच्या सावलीत राहिलेले. "तू हाताळलायस, तूच सांग." मी म्हणाले, "चालंल की आबा. लय चांगला हाय." का म्हणाले? पुन्हा ओरडाल म्हणून. एवढ्याच भीतीपायी, आबा.

त्या खेपेहून तुम्ही परत येता. पिशवी ओसरीवर टाकता. आई विचारते, "आवं, काय घावलं का न्हाई?" तुम्ही आपल्या बोटांकडं बघत बसता. "मोठी घोळ मासळी लागली हुती. मासा पळताना रीळ किती दाबायचं, बोटास्नी अंदाजच आला न्हाई. तुटला दोरा. हात गेला माझा." चुलीपाशी भाकरी थापत होते मी. पुढचा उंडा मळायला घेतला. तुम्ही पुन्हा समुद्रावर गेला नाहीत. बागेची छाटणी गड्यांवर सोपवलीत. तीच बोटं घेऊन इतकी वर्षं स्वतःची दाढी करणारा माणूस, न्हाव्याला घरी बोलवायला लागलात. मी रोज बघत होते. रोज! एका वाक्यानं भागलं असतं, आणि तुम्ही जाईपर्यंत ते माझ्या तोंडून निघालं नाही.

आज दुपारी ट्रंकेतून रीळ काढलं. बोटांनी चाचपत दोरा तळापर्यंत उलगडला. गाठी दोनच सापडल्या. तिसरीच्या जागी तुटकं टोक आहे आणि त्याला माझ्या गाठीचा पीळ अजून तसाच आहे. तुमचा हात गेला नव्हता, आबा. शेवटपर्यंत गेला नव्हता.

एवढं लिहिलं आणि सून आत आली. म्हणाली, "काय शोधताय आई?" "काही नाही गं," मी म्हणाले, आणि रीळ नि हा कागद दोन्ही पदराखाली झाकलं.